किमान वेतनावर कमाल व्यवसाय कर: वित्तमंत्री आणि कामगारमंत्री यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री आणि मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: किमान वेतन घेणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर

सविनय नमस्कार.

पत्र दोघांना मिळून लिहितो आहे, कारण हा प्रश्न आपल्या दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडलेला आहे. कामगार विभाग एक रक्कम ठरवतो आणि मालकाला सांगतो की याहून एक रुपयाही कमी देशील तर कायद्याने शिक्षेला पात्र होशील. वित्त विभागाचा व्यवसाय कराचा तक्ता तीच रक्कम उचलतो आणि सर्वांत वरच्या टप्प्यात टाकतो. त्याच टप्प्यात महिन्याला पाच लाख घेणारा संचालक बसतो, आणि हेल्परही. राज्य सरकार एकच आहे. त्याच्या एका खात्याला जो माणूस गरजेपुरता पगार मिळवणारा वाटतो, तोच दुसऱ्या खात्याला पूर्ण कर भरण्याइतका सधन वाटतो.

मी पगारपत्रके करतो. भोसरी-चाकण पट्ट्यातली छोटी वर्कशॉप, दोन-तीन ठेकेदार, काही दुकाने. महिनाअखेरीला मस्टर येते, हजेरी मोजायची, ओटी (जादा कामाचे तास) धरायची, कपाती लावायच्या, बँकेची फाइल पाठवायची. हे काम करणाऱ्याला कायद्याची कलमे पाठ असतात असे नाही, पण कुठला रकाना कोणाच्या खिशातून भरतो ते नेमके ठाऊक असते. म्हणून रकान्यांबद्दलच बोलतो.

पुरुष कर्मचाऱ्यासाठी तक्ता असा आहे. महिन्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर कर नाही. ७,५०१ ते १०,००० असेल तर महिन्याला १७५ रुपये. १०,००० च्या पुढे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. तक्ता इथे संपतो. यावर पायरी नाही.

आता दुसरा कागद. दुकाने आणि वाणिज्यिक आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचे किमान वेतन, मूळ दर आणि विशेष भत्ता मिळून, तिन्ही परिमंडळांत (किमान वेतनासाठी राज्याचे केलेले भाग) दहा हजारांच्या पुढे गेलेले आहे. हेच बहुतेक इतर उद्योगांतही. म्हणजे पूर्ण महिना भरलेला आणि कायद्याप्रमाणे पगार मिळालेला जवळपास प्रत्येक पुरुष कामगार आज पूर्ण २,५०० भरतो. १७५ चा मधला टप्पा माझ्या पत्रकांत उरला आहे तो अर्धवेळ काम करणाऱ्यांपुरता, किंवा ज्यांचा महिना खाडे होऊन मोडला त्यांच्यापुरता. पूर्ण वेळ काम करून एखादा पुरुष या टप्प्यात दिसला, तर बहुतेक वेळा तिथे किमान वेतनच दिले जात नाही असे समजावे. कर विभागाच्या निरीक्षकाला हे दिसते, पण तो कामगार विभागाला कळवत नाही. कळवायला सांगितलेलेही नाही.

हे आपोआप घडत गेले. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, ग्राहक किंमत निर्देशांक पाहून बदलतो. ही व्यवस्था चांगली आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण व्यवसाय कराची साडेसात हजारांची रेघ जुलै २०१४ पासून जागची हललेली नाही. त्याआधी ती पाच हजारांवर होती. दहा हजारांची रेघ तर त्याहूनही जुनी. तेल, डाळ, भाडे वाढले म्हणून सरकारने भत्ता वाढवायचा, आणि भत्ता वाढला म्हणून माणूस करपात्र झाला असे सरकारनेच म्हणायचे, हे गेली अनेक वर्षे चालू आहे. भत्त्याने महागाई भरून निघते, श्रीमंती येत नाही, एवढा फरक तक्त्याला कळत नाही.

रक्कम लहान आहे, दोनशे रुपयांसाठी एवढे लांबण कशाला, असे मंत्रालयात कोणी म्हणेलच. चौदा हजार पगाराचा हेल्पर घ्या. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, १०५. पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे, २००. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीचे आणखी २५. हातात बारा हजारांच्या आसपास येतात. यात पीएफ त्याचाच आहे, पासबुकात दिसतो, लग्नाला किंवा आजारपणाला काढता येतो. ईएसआयमध्ये दवाखाना आहे, अपघात झाला तर भरपाई आहे. तिसऱ्या रकान्याबद्दल तो विचारतो, "पीटीचं काय मिळतं?" मी आजवर याला नीट उत्तर देऊ शकलो नाही.

पगाराचे २६ दिवस धरले तर त्याचा रोज ५३८ रुपये पडतो. वर्षाचे २,५०० म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त घाम. महिना पाच लाख घेणाऱ्याचा रोज १९,२३० पडतो, त्याचे २,५०० सकाळच्या पहिल्या तासाभरात वसूल होतात. टक्केवारीत सांगायचे तर हेल्परचा भार दीड टक्का आणि संचालकाचा ०.०४ टक्के. सर्वांत जास्त टक्के कोण देतो? महिन्याला ७,५०१ कमावणारा. तो वर्षाला २,१०० देतो, म्हणजे त्याच्या कमाईच्या २.३ टक्के. आणि ७,५०० कमावणारा शून्य. एका रुपयाची पगारवाढ झाली की हातातले १७४ रुपये कमी होतात. असा तक्ता आज नव्याने कोणी मांडला तर विधिमंडळात हशा पिकेल. जुना आहे म्हणून चालतो आहे.

फेब्रुवारीच्या तीनशेचेही तेच. हिशोब सोपा आहे: दोनशेचे अकरा महिने आणि तीनशेचा एक, की २,५०० जुळतात. पण रोजंदारीवर असलेल्या माणसाचे सर्वांत कमी दिवस भरतात ते याच महिन्यात. कमाई कमी, कपात जास्त. मासिक पगाराच्या बाबूने बाबूसाठी केलेले गणित आहे हे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात "शंभर जास्त का कापले" म्हणून येणारे लोक दरवर्षी तेच असतात, आणि मीही दरवर्षी तेच सांगतो.

केंद्राच्या प्राप्तिकराशी तुलना केली की हे आणखी विचित्र दिसते. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या कररचनेत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे महिन्याला लाखभर मिळवणारा माणूस केंद्राच्या लेखी करमुक्त. आणि नव्वद हजारांहून थोडे जास्त, महिन्याला नव्हे, वर्षाला, मिळवणारा राज्याच्या लेखी करदाता. व्यवसाय कराची वजावट प्राप्तिकरात मिळते म्हणतात. ती जुन्या कररचनेत मिळते, नव्यात नाही. आणि ज्याला प्राप्तिकरच नाही त्याला वजावट कशातून मिळणार?

हा कर मुळात कशासाठी आला होता, हे आपल्या खात्यांतल्या तरुण अधिकाऱ्यांना सांगण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने गावोगाव खडी फोडण्याची, बंडिंगची, पाझर तलावांची कामे काढली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर गेली. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा लागतो. म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम आला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि या कराचे उत्पन्न रोजगार हमीच्या निधीकडे वळवायचे, राज्याने त्यात तेवढीच भर टाकायची, अशी रचना झाली. ज्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्याने, आभाळाकडे डोळे लावून बसलेल्यासाठी थोडेसे द्यावे, असा तो व्यवहार होता. मुंबईच्या कारकुनाने आणि गिरणीतल्या कायम कामगाराने फारशी कुरकुर न करता तो मान्य केला. माझ्या मते या राज्याने केलेल्या चांगल्या करारांपैकी तो एक होता.

आज त्या कराराच्या दोन्ही बाजू बदलल्या आहेत. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. दुसरीकडे पगारदार म्हणजे सुरक्षित माणूस, हे समीकरण मोडले. माझ्या पत्रकांत ज्यांच्यापुढे पीटीचे २०० लागतात, त्यांतले किती तरी जण बीड, लातूर, धाराशिव, जालन्याकडून आलेले आहेत. कोणाच्या वडिलांनी, कोणाच्या आजोबांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली आहे. पोरगा शहरात आला, ठेकेदाराकडे लागला, अकरा महिन्यांनी ब्रेक घेतो, पुन्हा दुसऱ्या नावाने लागतो. ज्याच्यासाठी हा कर बसवला, तो आता स्वतः हा कर भरतो आहे. दुष्काळ पडला आणि गावाकडे परत जावे लागले तर तो पुन्हा रोजगार हमीवर जाईल, हे वेगळे.

कायदा करणाऱ्यांना ही भीती त्या वेळीही दिसत होती, असे मला वाटते. याच कायद्यात सूट देणारे एक कलम आहे. त्यात सैन्यदलातले आहेत, ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ आहेत, ४० टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व असलेले आहेत, मतिमंद मुलांचे पालक आहेत. आणि त्यात आहे कापड गिरणीतला बदली कामगार. बदली म्हणजे सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी रजेवर असेल तर आत घेतले जायचे, नाही तर घरी. अशा माणसाला महिन्याचा पगार नसतो, त्याच्याकडून कर घेऊ नये, एवढी समज कायद्यात होती. गिरण्या गेल्या. गिरणगावात मॉल आणि टॉवर आले. गेटवर उभे राहणारा बदलीही गेला, कलमातली सूट मात्र अजून आहे. तिचा आजचा हक्कदार औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर ठेकेदाराच्या टेम्पोची वाट पाहत उभा आहे. त्याला ही सूट नाही, कारण तो कापड गिरणीत नाही.

स्त्रियांबाबत सरकारने पाऊल उचलले, त्याचे स्वागत आहे. २०१५ मध्ये त्यांची मर्यादा दहा हजार झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून २५,०००. आता महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीकडून हा कर घेतला जात नाही. असेंब्ली लाइनवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी तिचा कापला जात नाही, त्याचा जातो. त्यावरून पुरुष कामगार चेष्टेत काहीबाही बोलतात, ते मी मनावर घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये. स्त्रियांची सूट काढा असे कोणी म्हणत असेल तर तो चुकीच्या टोकाला ओढतो आहे. मुद्दा एवढाच की पंचवीस हजारांखालच्या पगारातून कर घेणे बरोबर नाही, हे शासनाने २०२३ मध्ये स्वतःच मान्य केले आहे. पंचवीस हजारांत घर चालवणे पुरुषाला सोपे पडते असा काही अभ्यास वित्त विभागाकडे असेल तर तो प्रसिद्ध करावा.

शेजारची आणि इतर राज्ये पाहा. कर्नाटकात २५,००० हून कमी पगाराला व्यवसाय कर नाही, मग पगार घेणारा कोणीही असो. तेलंगणात आणि आंध्रात १५,००० पर्यंत नाही. गुजरातेत १२,००० पर्यंत नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात हा करच नाही. कागलच्या औद्योगिक वसाहतीत चौदा हजारांवर काम करणारा वर्षाला २,५०० देतो. हायवेने थोडे पुढे गेले की निपाणी लागते, तिथे तेवढ्याच पगारावर काहीच द्यावे लागत नाही. उद्योग कर्नाटकात जातात म्हणून आपल्याकडे अधिवेशन गाजते. कामगार कुठे बरा राहतो, यावर अधिवेशन गाजल्याचे मला आठवत नाही.

महसूल बुडेल, हे आपले उत्तर असणार. त्यावर दोन गोष्टी.

पहिली, वरून आणखी घेता येत नाही याला राज्य जबाबदार नाही, हे मला माहीत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने दहापट झाली आणि तिथेच थांबली. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी अशी शिफारस केली होती. संसदेने काही केले नाही. म्हणजे वरच्या माणसाला घटनेचे संरक्षण आहे. खालच्याला मात्र ना घटनेचे, ना कायद्याचे. वरची मर्यादा दिल्लीत बदलते, खालची मुंबईत. दिल्लीकडे पत्र पाठवून महाराष्ट्राने ती शिफारस पुन्हा लावून धरावी. पाच लाखवाल्याने महिन्याला हजार रुपये दिले तर त्याला कळणारही नाही. पण दिल्ली काय करते याची वाट पाहत खालची रेघ तशीच ठेवायला काही कारण नाही.

दुसरी, किती महसूल बुडेल हे आपण मोजून सांगावे. आकडा आपल्याकडेच आहे. नोंदणीकृत मालक जे रिटर्न भरतो त्यात प्रत्येक टप्प्यातले किती कर्मचारी आणि किती कर, हे लिहावेच लागते. दहा हजार ते पंचवीस हजार या पट्ट्यात किती पुरुष आहेत हे तक्त्याच्या सध्याच्या टप्प्यांतून थेट निघणार नाही, कारण दहा हजारांच्या वरचे सगळे एकाच ओळीत आहेत. पण पीएफ आणि ईएसआयची माहिती जोडून घेतली तर काही दिवसांचे काम आहे. ईएसआयची मर्यादाच मुळी २१,००० आहे, म्हणजे ईएसआय लागू असलेल्या आस्थापनांतले त्याखालचे सगळे तिथे नावानिशी आहेत. आकडा सभागृहाच्या पटलावर ठेवा. मग बोलू.

नावानिशी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती कराच्या दरापेक्षा जास्त टोचते. पीएफचे पैसे भरले की नाही हे कामगार मोबाइलवर पासबुक उघडून बघतो. ईएसआयचा त्याचा नंबर आहे. प्राप्तिकराची कपात झाली तर ती त्याच्या पॅनवर दिसते. व्यवसाय कराचे मात्र काहीच नाही. मालकाच्या रिटर्नमध्ये कर्मचाऱ्यांची संख्या असते, नावे नसतात. ठेकेदाराने पन्नास जणांचे दोनशे-दोनशे कापले आणि रिटर्नमध्ये तीसच जण दाखवले, तर उरलेल्या वीस जणांना ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. वर्षात तीन ठेकेदार बदलणाऱ्याचा कर तीन जणांनी कापला, शासनाकडे किती पोचला, हे शासनालाही सांगता येणार नाही. ज्याच्या नावाने कर घेतला त्याचे नावच नोंदवायचे नाही, असा दुसरा कर मला माहीत नाही.

पगारपत्रके करणारा म्हणून आणखी एक सांगतो, मालक मंडळींना आवडणार नाही. काही ठिकाणी किमान वेतन कागदावरच दिले जाते. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, दोन दिवसांनी सुपरवायझर त्यातले तीन-चार हजार रोख परत घेतो. अशा कामगाराच्या हाती खरे आठ हजारांच्या आसपास राहतात, पण पीएफ, ईएसआय आणि पीटी कापली जाते ती साडेतेरा हजारांवर. म्हणजे जो पगार त्याला मिळालाच नाही त्याच्यावरचा व्यवसाय करही तो भरतो. असे काम मी घेत नाही. घेणारे आहेत. कामगारमंत्री महोदय, हा भाग सर्वस्वी आपल्या खात्याचा आहे; तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मस्टर आणि बँक स्टेटमेंट जुळवून समाधान मानू नये, जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर चार माणसांशी बोलावे.

मालकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळे मालक असे नसतात. एकच माणूस नोकरीला ठेवलेल्या दुकानदारालाही, त्या माणसाचा पगार मर्यादेपुढे गेला की, व्यवसाय कराची नोंदणी करावी लागते. स्वतःच्या धंद्याचे २,५०० तो वेगळे भरतोच, त्याचे नावनोंदणी प्रमाणपत्र वेगळे, नोकराच्या कराचे नोंदणी प्रमाणपत्र वेगळे. छोट्यांना रिटर्न वर्षातून एकदाच, मार्चअखेर, भरायचे असते, म्हणूनच ते विसरले जाते. उशीर झाला की हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क, वर व्याज. नोकराच्या पगारातून कापायचे राहिले तरी भरण्याची जबाबदारी मालकाचीच. एका माणसाचे २,५०० गोळा करून देण्यासाठी दुकानदार माझ्यासारख्याला जी फी देतो ती अनेकदा त्या कराच्या निम्म्याहून जास्त असते. माझे उत्पन्न त्यावर चालते हे खरे, तरीही हे काम निरर्थक आहे असे माझे मत आहे. मर्यादा पंचवीस हजार झाली तर अशा हजारो छोट्या आस्थापनांना नोकरांपुरती नोंदणी ठेवण्याची गरजच उरणार नाही. व्यवसाय सुलभतेवर भाषणे होतात. त्यातला एवढा भाग छोट्याशा दुरुस्तीने साधतो.

वेळ आत्ताच का, याचेही कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झाल्या. वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरते न ठेवता सगळ्यांना लागू केले. केंद्र तळ वेतन ठरवणार, राज्याला त्याखाली जाता येणार नाही. ही चांगली गोष्ट आहे, पण तिचा एक परिणाम असा की जो कामगार आजवर या कायद्याबाहेर आणि म्हणून व्यवसाय कराच्या मधल्या टप्प्यात किंवा त्याहून खाली होता, तो हक्काचा पगार मिळताच थेट वरच्या टप्प्यात जाईल. शिवाय संहितेने वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे ज्यांचा मूळ पगार मुद्दाम लहान ठेवलेला होता त्यांची पीएफची कपात वाढते आणि हातातला पगार कमी होतो. पुढे फायद्याचे आहे, मान्य. पण महिनाअखेरीला घरभाडे हातातल्या पगारातून जाते. संहितेची एक व्याख्या, आणि नियमित मिळणारे सगळेच पगारात धरणारी व्यवसाय कराची दुसरी. यांचा मेळ घालताना आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची तारांबळ उडाली आहे. राज्याच्या हातात यातली एकच व्याख्या आहे. ती संहितेशी जुळवून घ्यावी.

तेव्हा मागणे असे. व्यवसाय कराची पंचवीस हजारांची मर्यादा स्त्री-पुरुष भेद न करता सर्व कर्मचाऱ्यांना लावावी. पुढे ती मर्यादा परिमंडळ एकमधल्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाशी बांधावी आणि त्याच्या दीडपटीखाली कधीही येऊ देऊ नये, म्हणजे विशेष भत्ता वाढला की तीही सरकेल आणि कोणाला दर दहा वर्षांनी असे पत्र लिहावे लागणार नाही. मर्यादा ओलांडणाऱ्याला एका रुपयासाठी दोनशेचा फटका बसू नये म्हणून वरच्या एक-दोन हजारांत कर हळूहळू चढवावा. कापड गिरणीतल्या बदली कामगाराची सूट कंत्राटी आणि रोजंदारी कामगाराला द्यावी. आणि ज्यांच्याकडून कर घेणार आहात त्यांची नावे रिटर्नमध्ये घ्यावीत, त्यांना मोबाइलवर संदेश जावा. जीएसटी गोळा करणाऱ्या विभागाला हे जड नाही.

यातले सगळे एकदम जमणार नसेल तर पहिली मागणी आधी घ्या. २०२३ मध्ये स्त्रियांसाठी जी दुरुस्ती झाली, तीत अनुसूचीतल्या मोजक्या ओळी बदलल्या होत्या. पुरुषांसाठीही तशाच मोजक्या ओळी बदलल्या की झाले. अर्थसंकल्पी अधिवेशनात कर कायद्यांत सुधारणा करणारे विधेयक येतेच. या विषयाची फाइल वित्त विभागात सुरू व्हावी आणि कामगार विभागाचा अभिप्राय तिच्यावर लेखी असावा, एवढे आपण दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवले तरी पुरे.

आपला,
पगारपत्रके करणारा एक लेखनिक

ता. क. ज्या बायकांचा पगार पंचवीस हजारांपर्यंत आहे आणि तरीही चिठ्ठीवर पीटी कापलेली दिसते, त्यांनी ऑफिसात लगेच विचारावे. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दहा हजारांचा टप्पा अजून तसाच आहे, आणि मास्टरमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याच्या मूळ नोंदीत, स्त्री की पुरुष हा रकाना रिकामा राहिला तर ते पुरुष धरून कापते.